पियेल शे तो, जाऊ द्या!

जळगाव-धुळ्याकडे रात्री नऊनंतर एखाद्या परमिट रूममध्ये बाटली फुटली, बाजार समितीच्या मागच्या गल्लीत दोन हमाल एकमेकांच्या अंगावर धावून गेले किंवा गावच्या चौकात कुणी कुणाची आई-बहीण काढली, की गर्दीतून एक वाक्य हमखास येतं : ‘पियेल शे तो, जाऊ द्या!’ बोलणारा भला माणूस असतो. त्याला तंटा वाढू द्यायचा नसतो आणि पुष्कळदा त्याच्या मध्यस्थीने तो मिटतोही. पण एवढ्याशा वाक्यात बरंच काही उरकलं जातं. मारणाऱ्याला माफी मिळते. ज्याचं तोंड फुटलं त्याने निमूट घरी जावं, असं ठरतं. आणि कडेला उभं राहून बघणारं पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं शिकतं, की पोटात दारू असली तर हात उचलायला परवानगी असते.

कायद्याने ही परवानगी कुणालाच दिलेली नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत याविषयी ८५ आणि ८६ ही कलमं होती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यांची जागा २३ आणि २४ या कलमांनी घेतली. मजकूर जवळपास तोच. कुणी जबरदस्तीने किंवा नकळत पाजली असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या मर्जीने प्यायलेल्या माणसाला मात्र शुद्धीतल्या माणसाइतकीच जाणीव होती, असं कायदा धरून चालतो. पिऊन चारचौघांत धिंगाणा घातला तर कलम ३५५ खाली २४ तासांपर्यंत साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवेची शिक्षा आहे. कोर्टात जी सबब टिकत नाही ती बारमध्ये, पारावर आणि घरात मात्र खणखणीत चालते. खानदेशातल्या बारमधल्या मारामाऱ्यांना दारू जितकी कारण आहे, तितकीच ही सबबही आहे, असं माझं मत आहे. आणि दारू हटवणं कठीण असलं तरी सबब काढून घेणं आपल्या हातात आहे.

आधी पिणारी माणसं कोण ते पाहू. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात घड कापणाऱ्या टोळ्या भल्या पहाटे बाहेर पडतात. कापायचं, डोक्या-खांद्यावरून बांधापर्यंत आणायचं, गाडी भरायची. केळीचा चीक कपड्यावर पडला की त्याचा काळा डाग होतो आणि तो कितीही घासला तरी जात नाही. त्या डागांवरून हा माणूस बाजारातही ओळखू येतो. जळगावच्या एमआयडीसीत चटईचे आणि पाइपचे कारखाने आहेत, डाळ मिल आहेत. डाळ मिलमधला माणूस संध्याकाळी बाहेर येतो तेव्हा त्याच्या भुवयांवरही भुकटी बसलेली असते. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रक, गोदामं आणि चढ-उतार करणारे हात यांना तिथे तोटा नाही. पोतं आता शंभर किलोचं राहिलेलं नाही, पन्नासचं झालं. पण दिवसभरात किती पोती पाठीवरून गेली याचा हिशेब पाठच ठेवते. त्यात मे महिन्याचा पारा पंचेचाळीसच्या आसपास.

अशा माणसाला दिवस मावळताना प्यावंसं वाटलं तर त्याला नावं ठेवण्याचा अधिकार सावलीत बसणाऱ्याला नाही. ‘अंग मोकळं होतं’, ‘प्यायल्याशिवाय झोप लागत नाही’, ‘उद्या पुन्हा उभं राहायचं तर आज घ्यावीच लागते’, ही कारणं तो मनापासून सांगतो. त्यातलं थोडं खरंही आहे. दारू गुंगी आणते, दुखणं काही वेळ बोथट करते. पण उत्तररात्री झोप मोडते ती दारूच, आणि घामाने आधीच कोरड्या पडलेल्या अंगातलं पाणी आणखी काढून घेते तीही दारूच. सकाळी अंग जड वाटतं, तो थकवा कालच्या पोत्यांचा मानला जातो आणि त्यावर उतारा म्हणून पुन्हा संध्याकाळची वाट पाहिली जाते. याच टोळीत एखादा माळकरी असतो. पोती तीच, ऊन तेच, मजुरी तीच. गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे त्याला कुणी आग्रह करत नाही, तोही मागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो कामाला उभा असतोच. प्यायल्याशिवाय हे काम होत नाही, या समजुतीला उत्तर म्हणून तो एक माणूस पुरेसा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी आपण दारू पितो असं सांगितलं. लोक अशा प्रश्नाला कमी करूनच सांगतात, हे धरलं तरी न पिणाऱ्यांची संख्या मोठी उरते. बारमधल्या गोंगाटात ती दिसत नाही इतकंच.

संध्याकाळी सातच्या सुमारास देशीच्या दुकानासमोर उभं राहून पाहावं. जाळीच्या भोकातून नोट आत जाते, बाटली बाहेर येते. बसायला जागा नसते, असलं तर एखादं बाकडं. पाण्याचा पाऊच दातांनी फोडून प्लास्टिकच्या ग्लासात अर्धी दारू, अर्धं पाणी होतं आणि दोन-तीन घोटांत ग्लास रिकामा होतो. तोंड वेडंवाकडं करून वर चार फुटाणे टाकले जातात. चवीचा प्रश्नच नसतो. दुपारच्या भाकरीनंतर पोटात काही गेलेलं नसतं. दहा मिनिटांत क्वार्टर संपते. १८० मिलीच्या त्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल सुमारे ६० ग्रॅम असतं आणि माणसाचं यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निकाली काढू शकतं. म्हणजे सात वाजता दहा मिनिटांत घेतलेली दारू अंगातून जायला मध्यरात्र उलटते. उपाशीपोटी ती रक्तात झपाट्याने चढते. तासाभराने जो माणूस रस्त्यावर डोलताना दिसतो त्याची ‘दारू वाईट’ नसते, ती घेण्याची रीत वाईट असते.

‘देशी डोक्यात जाते, इंग्लिश माणसाला शांत ठेवते’ ही खानदेशात पक्की बसलेली समजूत आहे. पिणाऱ्यांची आहे, न पिणाऱ्यांचीही आहे, पोलिसांचीसुद्धा आहे. देशीची बाटली हातात घेऊन तिचं लेबल वाचावं : २५ यूपी, म्हणजे ४२.८ टक्के अल्कोहोल. शेजारच्या वाइन शॉपमधून व्हिस्कीची बाटली घेऊन तिचंही वाचावं : ४२.८ टक्के. डोक्यात जाणारी वस्तू दोन्हीकडे एकच आणि तेवढीच आहे. फरक आहे तो घाईत, रिकाम्या पोटात, उभ्याने पिण्यात आणि खिशात. जून २०२५मध्ये राज्य सरकारने उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा देशीच्या क्वार्टरची किमान किंमत ८० रुपये ठरली आणि भारतात बनणाऱ्या विदेशी मद्याची २०५. त्याच वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. देशीवाल्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा रोज एका बाटलीत जातो, म्हणून तो ती लवकर आणि पुरेपूर ‘चढावी’ अशाच बेताने पितो. आणि त्याच्याकडून समाजाची अपेक्षा काय, तर हा आता भांडणार. माणूस अशा अपेक्षा पुऱ्या करतो.

परमिट रूममधलं भांडण कसं उभं राहतं, हे जवळून पाहिलं की त्यात बेभान असं फार थोडं सापडतं. शनिवार असतो, हप्ता झालेला असतो. चार जणांची टोळी एका टेबलाला, दुसरी शेजारी. आज पाजणारा जो असतो त्याचा आवाज बाकीच्यांपेक्षा मोठा असतो, कारण आज त्याचा मान आहे. लघवीला जाताना कुणाच्या कोपराचा धक्का शेजारच्या ग्लासाला लागतो, किंवा नुसतीच नजरानजर होते. ‘काय पाहतो रे?’ असा पहिला सवाल येतो. दारू उतरल्यावर ज्याला हसून सोडून दिलं असतं, तो सवाल इथे साऱ्या टेबलाच्या देखत आलेला असतो. मग ठरलेलं पुढचं वाक्य : ‘मी कोन शे माहीत शे का तुले?’ इथपर्यंत हात उचललेला नसतो. पुढे काय होणार हे त्या दोघांवर नाही, सोबतच्यांवर ठरतं. कुणी खांद्याला धरून बाहेर नेलं तर विषय संपतो. कुणी ‘दे त्याला’ म्हटलं तर बाटली फुटते. बिलावरून होणारी भांडणं वेगळी आणि ती बहुधा वेटरच्या अंगावर जातात. वेटर म्हणजे अठरा-वीस वर्षांचा, दुसऱ्या जिल्ह्यातून पोटासाठी आलेला पोरगा. त्याला मारणं सर्वांत स्वस्त.

माझा मुद्दा इथे आहे. दारूने भान जात असतं तर मार कुणालाही बसला असता. तसं होत नाही. मजुरी बुडवणारा मुकादम त्याच बारमध्ये पलीकडच्या टेबलाला बसलेला असतो. त्याच्या अंगावर कुणी जात नाही. उलट त्याला ग्लास उंचावून राम राम होतो. पोलिसांची गाडी दारात थांबली की क्षणापूर्वी चौघांना न आवरणारा माणूस खुर्चीत बसून शेव खाऊ लागतो. ‘पोलिस दिसले की उतरते,’ असं लोकच हसत सांगतात. रक्तातली दारू पोलिसांना पाहून कमी होत नाही. कमी होते ती मुभा. वेटरला, आपल्यापेक्षा खालच्या मानल्या गेलेल्या जातीच्या माणसाला, बाहेरगावच्याला आणि शेवटी घरी गेल्यावर बायकोला मारायचं, मुकादमाला आणि फौजदाराला नाही, एवढी निवड ज्याला करता येते त्याला शुद्ध नव्हती असं मी मानायला तयार नाही.

क्रेग मॅकअँड्र्यू आणि रॉबर्ट एजर्टन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९६९मध्ये जगभरातल्या समाजांच्या नोंदी गोळा करून हीच गोष्ट मांडली. बोलिव्हियातले कांबा लोक ८९ टक्के अल्कोहोल असलेली, जवळपास स्पिरिटच म्हणावी अशी उसाची दारू सणावाराला दिवसचे दिवस पीत, बेशुद्ध होऊन पडत, उठून पुन्हा पीत; आणि त्यांच्यात मारामारी होत नसे. ड्वाइट हीथ यांनी १९५०च्या दशकात त्यांच्यात राहून हे टिपलं. दुसरीकडे त्याहून कितीतरी सौम्य दारूवर चाकू निघणारे समाजही होते. पिऊन कसं वागायचं हे माणूस आपल्या समाजाकडून शिकतो, आणि प्यायलेल्याला जिथे सूट असते तिथेही त्या सुटीला हद्द असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९७५मध्ये अॅलन लँग, अॅलन मार्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत आणखी सरळ परीक्षा घेतली. काहींना व्होडका मिसळलेलं टॉनिक दिलं, काहींना नुसतं टॉनिक. आणि दोन्ही गटांतल्या निम्म्यांना खरं सांगितलं, निम्म्यांना उलटं. नंतर दुसऱ्या माणसाला विजेचा झटका देण्याची मुभा दिली. ज्यांना आपण व्होडका प्यालो असं वाटत होतं त्यांनी जास्त जोराचे झटके दिले. ग्लासात व्होडका होती की नव्हती, याने तितका फरक पडला नाही.

त्यावरून दारू निर्दोष आहे असं कुणी समजू नये. १९९०मध्ये ब्रॅड बुशमन आणि हॅरिस कूपर यांनी तोवरचे अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दारूचा स्वतःचा परिणामही स्पष्ट दिसला. नुसत्या समजुतीचा त्यापेक्षा कमी होता. त्याच वर्षी क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी दारूमुळे माणसाची नजर आखूड होते, असं मांडलं. समोरचा धक्का, समोरची शिवी दिसते. मागचं नातं आणि उद्याची पोलिस चौकी दिसत नाही. दोन्ही गोष्टी मिळून भांडण होतं. दारू नजर आखूड करते, आणि त्या आखूड नजरेसमोर काय ठेवायचं ते भोवतालचे लोक ठरवतात. पोलिसांची गाडी समोर ठेवली तर माणूस शेव खातो. ‘दे त्याला’ समोर ठेवलं तर बाटली उचलतो.

बारमध्ये आणलेला राग बहुतेक वेळा बारमध्ये तयार झालेला नसतो. दिवसभरात कुणीतरी एकेरीत बोललेलं असतं, पैसे कापलेले असतात, बायकोसमोर उधारीवाला दारात येऊन गेलेला असतो. ‘एकच प्याला’ १९१९मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हापासून मराठी माणसाला हे माहीत आहे. गडकऱ्यांचा सुधाकर वकील होता, हुशार होता, आणि त्याने पहिला प्याला घेतला तो भर कोर्टात झालेल्या अपमानानंतर. तो मजूर नव्हता. आजही बंगल्याच्या गच्चीवर आणि हॉटेलच्या एसी दालनात बसणाऱ्यांचे हात उठतात. फरक इतकाच, की तिथल्या मारामारीला गर्दी जमत नाही आणि ती बातमीत येत नाही. कष्टकरी पितात म्हणून मारामाऱ्या होतात, असं जे पांढरपेशे सहज बोलून जातात त्यांनी आपल्या इमारतीत डोकावून पाहावं.

दारू, घर आणि मारहाण यांचा संबंध आकड्यांत पाहिला तर तो भयंकर आहे. त्याच २०१९-२१च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, नवरा वारंवार झिंगून येतो असं सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवरा पीतच नाही अशा घरांत हा आकडा २३ टक्के होता. सत्तरचा आकडा दारूविरुद्धच्या प्रत्येक भाषणात येतो आणि यायलाही हवा. पण तेवीसचाही विचार करा. जवळपास दर चौथ्या घरात हात उठतो तो थेंबभर दारूशिवाय. म्हणजे मारण्याचा हक्क आधीच घरात आहे. दारू त्याला जोर देते आणि सकाळी तोंड लपवायला जागा देते.

दारूला आणि तिच्या सबबीला आवर कसा घालायचा, हे खानदेशाला शिकवायला बाहेरच्या कुणाची गरज नाही. इथल्याच आदिवासी मजुरांनी हे दोन वेळा करून दाखवलेलं आहे, आणि जळगाव-धुळ्याच्या सुशिक्षितांच्या घरांत त्याची आठवणही निघत नाही याचं मला वाईट वाटतं.

पहिली गोष्ट १९३७-३८ची. धुळे तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्याचं ठाणं. तळोद्याजवळच्या मोरवड गावात गुलाम महाराज नावाचा भिल्ल समाजातला माणूस लोकांना सांगू लागला : रोज अंघोळ करा, स्वच्छ राहा, दारू सोडा, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून हाक मारा. सोमवारी आरतीला सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून माणसं येऊ लागली, गर्दी वाढतच गेली. त्याआधीच्या साठ वर्षांत काय झालं होतं ते लक्षात घ्यायला हवं. पाड्यावर मोहाची दारू घरी गाळली जायची, देवाला धार सोडून म्हाताऱ्याकोताऱ्यांसमोर प्यायली जायची. तिला वेळ होती, रीत होती. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने आणि १८९२च्या मोहाफुलांवरच्या कायद्याने घरची दारू गुन्हा ठरली आणि दुकानातली विकत घेणं भाग पडलं. दुकानाला वेळ नव्हती, रीत नव्हती. उधारीची वही मात्र होती. सावकाराच्या शेतात राबणारा, अरे-तुरेत बोलावला जाणारा माणूस त्या दुकानात जात होता. गुलाम महाराजांनी त्याला दारू सोड असं सांगितलं तेव्हा त्याच श्वासात त्याला मान दिला. १९३८मध्ये ते वारले, पुढे त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी चळवळ चालवली आणि सरकारने त्यांना जिल्ह्याबाहेर काढलं. पण दारूशिवाय भिल्ल राहूच शकत नाही, असं म्हणणाऱ्या साऱ्यांना उत्तर मिळून गेलं होतं.

दुसरी गोष्ट शहाद्याची. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ला वेगळा झाला. त्याआधी शहादा धुळे जिल्ह्यातच होतं. १९७०च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने तिथले भूमिहीन आदिवासी मजूर आणि सालदार जमीन आणि मजुरीसाठी उभे राहिले. १९७२मध्ये श्रमिक संघटना झाली. दुष्काळाचं वर्ष होतं. मोर्च्यांत, घेरावांत बायका पुढे असत, घोषणा त्याच देत. बायकांची शिबिरं सुरू झाली आणि मजुरीचं बोलणं चालू असताना दुसरंच दुःख वर आलं : दिवसा शेतमालकाशी जो सोबतीने लढतो तोच रात्री पिऊन मारतो. १९७२-७३मध्ये या बायका टोळ्यांनी गावोगाव गेल्या, दारूची मडकी फोडली, गुत्ते बंद पाडले. आणि एवढ्यावर थांबल्या नाहीत. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याच्या दारात जाऊन त्याला जाब विचारला, चारचौघांत माफी मागायला लावली.

मला या दुसऱ्या कृतीचं मोल पहिल्यापेक्षा जास्त वाटतं. मडकं फुटलं तरी दुसरं येतं. पण ‘प्यायलो होतो’ हे उत्तर ज्या दिवशी गावाने ऐकून घ्यायचं नाकारलं, त्या दिवशी त्या नवऱ्याची ढाल गेली. शिक्षण नसलेल्या, रोजंदारीवर जगणाऱ्या बायकांना हे जे उमगलं, त्यासाठी अमेरिकेतल्या प्रयोगशाळेला १९७५ साल उजाडावं लागलं.

कायद्यानेही लोकांच्या हाती काही साधनं दिली आहेत. १९४९चा दारूबंदी कायदा आजही राज्यात आहे. परमिट रूम हे नावच त्यातून आलं, कारण पिणाऱ्याकडे परवाना असायला हवा. कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षं आहे. कुठल्या बारमध्ये परवाना किंवा वय विचारलं जातं, हे वाचकांनाच ठाऊक आहे. २००८च्या सरकारी आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या पाव हिस्सा महिला मतदारांनी मागणी केली तर दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद, एवढाच सवाल. मात्र आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. मजुरीला, ऊसतोडीला बाहेर गेलेल्या बायकांच्या गावात ही अट किती जड आहे ते सांगायला नको. डिसेंबर २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं हटवायला सांगितलं, तेव्हा शहरातून जाणारे रस्ते महापालिकेकडे वर्ग करून दुकानं वाचवण्याचे मार्ग ठिकठिकाणी शोधले गेले. जळगाव शहरातही त्यावरून मोठा वाद झाला. धुळ्यासारख्या दोन महामार्गांच्या शहरात तो निकाल नीट पाळला गेला असता तर चेहराच बदलला असता.

बंदीवर माझा पूर्ण भरवसा नाही. वर्ध्यात १९७४पासून आहे, गडचिरोलीत १९९३पासून. चंद्रपुरात २०१५ला आली आणि २०२१ला उठली. गडचिरोलीत लोकांचा रेटा कायम राहिला म्हणून तिथे तिला अर्थ आहे. इतरत्र बंदी म्हणजे हातभट्टीला आणि हप्त्याला मोकळं रान, हेही पाहिलेलं आहे. पण बंदी आणि मोकळीक यांच्या मधली जागा आपण कधी वापरलीच नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या सर्फर्स पॅरडाइज या समुद्रकाठच्या भागात १९९३मध्ये रॉस होमेल आणि सहकाऱ्यांनी बारमालक, पोलिस आणि नगरपालिका यांना एकत्र बसवलं. स्वस्तात भरमसाट पाजण्याच्या योजना बंद करायच्या, खायला द्यायचं, झिंगलेल्याला आणखी द्यायची नाही, दारावरच्या माणसाला नीट बोलायला शिकवायचं. मारामाऱ्या पाहता पाहता उतरल्या. दोनेक वर्षांनी लक्ष ठेवणं ढिलं पडलं तशा त्या पुन्हा वाढल्या, ही गोष्टही तितकीच ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पिणारे तेच होते, दारू तीच होती.

आपल्याकडे यातलं काय जड आहे? देशीच्या दुकानाला लागून भाजी-भाकरीची गाडी उभी राहू देणं? टोळीची मजुरी शनिवारी अंधार पडल्यावर बारच्या टेबलावर न वाटता दिवसा, कामाच्या जागी देणं? मुकादमाने पोरांना दारूला ‘बसवून’ उचल फेडून घेण्याची चाल बंद करणं? १९६९च्या माथाडी कायद्याने हमालांच्या मजुरीचा हिशेब मंडळामार्फत ठेवण्याची सोय केली आहे. जिथे ती नीट चालते तिथे पैसा बारमध्ये मोजला जात नाही. बारमालकाने तिसऱ्या क्वार्टरला नाही म्हणावं आणि वेटरच्या अंगावर हात टाकणाऱ्याला पुन्हा दारात उभं करू नये. त्याचा धंदा यात बुडत नाही. फुटलेल्या काचा, तुटलेल्या खुर्च्या आणि पोलिस ठाण्याच्या चकरा त्यालाही परवडत नाहीत.

राहिली आपली, बघणाऱ्यांची गोष्ट. भांडण चालू असताना मध्ये पडून दोघांना दोन दिशांना न्या. त्या वेळी उपदेश करून उपयोग नाही, आखूड झालेल्या नजरेला तो दिसतच नाही. पण सकाळी उतरल्यावर त्याच्याकडे जा. रात्री काय केलंस, कुणाला मारलंस, काय बोललास, ते त्याच्यासमोर शब्दाला शब्द ठेवा, त्याच्या साथीदारांसमोर ठेवा, आणि ज्याला मारलं त्याच्या दारात त्याला न्या. मुकादम असाल तर वेटरच्या उपचाराचे पैसे त्याच्याकडून घ्या. शेजारी असाल तर त्याच्या बायकोला साक्षीला एकटी सोडू नका. आणि ज्याला सोडायची आहे पण सुटत नाही, त्याला एकट्याला झुंजायला लावू नका. अचानक तोडल्यावर हातपाय थरथरणं, झटके येणं हे दुखणं आहे, त्याला डॉक्टर लागतो. केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १४४४६ आहे. बाजार समितीच्या हमालभवनात, डाळ मिलच्या फाटकावर आणि केळीच्या गाड्या भरतात त्या जागी तो मोठ्या अक्षरांत लिहून लावा.